काचेच्या टाकीतली भातलावणी

माझा नवरा हरेश माणसांवर चिडतो, झाडांवर नाही. आमच्या सीवूड्सच्या फ्लॅटमध्ये हॉलची अख्खी भिंत त्याच्या माशांच्या टाकीनं अडवलीय, आणि टाकीत माशांपेक्षा झाडांचेच लाड. त्यातलं अनुबियास नावाचं झाड तर भारीच नखरेल. महिन्याला एक पान काढतं, तेही मेहेरबानी केल्यासारखं. पानांच्या बुडाशी आल्यासारखा आडवा कंद असतो. तो मातीत गाडला की कुजतो. म्हणून हरेश तो दोऱ्यानं दगडाला बांधतो आणि मुळं पाण्यात मोकळी सोडतो. एका काडीपासून वाढवत वाढवत त्यानं सगळे दगड हिरवे केले होते. माझ्याशी एवढा धीर कधी धरला नाही बाबानं.

मध्यंतरी कंपनीनं त्याला महिनाभर हैदराबादला धाडलं. टाकी माझ्या गळ्यात. मी झाकणाच्या फटीतून दाणे टाकायचे आणि लाइट लावायचे, बास; आत ढुंकूनही बघितलं नाही. तो परत यायच्या दिवशी झाकण उघडलं तर गटारासारखा वास. पिवळी पानं वर तरंगत होती, दगड उघडेबोडके. सगळी झाडं खालच्या मातीत सरळ ओळीनं रोवलेली. इतकी सरळ ओळ आमच्या घरात एकाच बाईला जमते.

माझ्या सासूबाई, गोजराबाई. तळोज्याकडच्या गावात उभा जन्म भातलावणीत गेला. शेतं गेली, मग सासरे गेले, आणि हरेशनं त्यांना इथे नवव्या मजल्यावर आणलं. एकदा त्याच्या एका वाकड्या शब्दावरून त्या पिशवी उचलून गावी गेल्या होत्या. बंद घरात तापानं फणफणलेल्या सापडल्या. आता हरेश तोंड उघडणार आणि आई चपला घालणार. या वेळी वेळेवर सापडल्या नाहीत तर?

मी आईंना विचारलं. झाडांची मुळं उघडी पडली होती, जीव कासावीस होत होता त्यांचा, म्हणून लावून टाकली, असं त्यांनी हसत सांगितलं. किती वर्षांनी हाताला चिखल लागला, म्हणाल्या. खरं सांगायला माझी जीभच उचलेना. हरेशला फोन लावला, तर पठ्ठ्या उचलेना.

आला तो बूट न काढता थेट टाकीपाशी. त्याची मान लाल झाली. मी मध्ये बोलायला गेले तर हातानंच गप्प केलं. एकेक झाड उपसून त्यानं ताटात ठेवलं. कंद बोटाखाली पिचकत होते. ब्लेडनं सडकं कापत कापत शेवटी पेराएवढा एक हिरवा तुकडा उरला. आपल्या हातून काय झालं ते आईंना आता कळलं होतं. त्यांनी दाराकडे बघितलं.

हरेशनं ते पाहिलं आणि ब्लेड खाली ठेवलं. "आये, याला माती चालत नाय. बिनमातीचं जगतं हे."

आईंनी तो तुकडा उचलून तळहातावर घेतला.

"बिनमातीचं जगतं?" त्या म्हणाल्या. "मंग मलाच का नाय जमत र, पोरा?"

हरेशनं आईंना टाकीपाशी बसवलं. एक दगड त्यांच्या मांडीवर ठेवला आणि दोरा हातात दिला. त्यांनी तुकडा दगडाला बांधला.

आई गेल्या नाहीत. तुकड्याला पानही फुटलंय. पण "इथे करमतं ना?" असं त्यांना विचारायची हिंमत आम्हा दोघांत अजून कुणाला झालेली नाही.