ठमाबाई आणि बिनकिल्लीचं कुलूप

पणदऱ्याच्या ठमाबाईला कुणाची तरी खोडी काढल्याशिवाय अन्न पचत नसे. लग्न होऊन आली त्याच वर्षी तिनं नवऱ्याच्या, रामहरीच्या, पटक्यात चिंचोके गुंडाळून ठेवले. त्यानं चावडीपुढं पटका झटकला आणि सगळी चावडी पोट धरून हसली. पुढं ती चाळिशीला आली, पाटाच्या पाण्यावर वांगी पिकवून बारामतीच्या बाजारात बसू लागली, पण खोड जाईना. थोरली जाऊ रतन म्हणायची, "हिच्या हाडातच वळवळ हाय."

घरचा कारभारी थोरला दीर सर्जेराव. त्याला सगळे आबा म्हणत. पन्नास सालानंतरच्या कुठल्याशा उन्हाळ्यात तो मुंबईला लग्नाला गेला आणि येताना एक पितळी कुलूप घेऊन आला. किल्ली नाही, किल्लीचं भोकही नाही. पोटावर तीन चाकं आणि चाकांवर इंग्रजी आकडे.

"तिन्ही आकडं जुळलं तरच उघडतंय. न्हायतर ब्रह्मदेव आला तरी न्हाय," म्हणत त्यानं ते आंब्याची अढी घातलेल्या खोलीला लावलं. "अढीला कुणी हात लावायचा न्हाय. कुणी म्हंजे कुणी."

हे सांगताना त्यानं ठमाबाईकडं पाहिलं. तिथंच चुकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर सामसूम झाल्यावर ठमाबाई कुलपापुढं फतकल मारून बसली. आधी चाकं उगीच गरागरा फिरवली. काही होईना. मग चिडून तिनं कुलपाची कडी जोरात ओढून धरली आणि चाकं चाचपली. वरचं सैल, खालचं सैल, मधलं मात्र चिकटल्यागत जड.

"हितं दुखतंय व्हय तुझं?" ती कुलपालाच म्हणाली.

कडी तशीच ताणून तिनं मधलं चाक हळूहळू फिरवलं. एका जागी कडी केसभर सरकली. मग वरचं चाक जड झालं. तेही फिरवलं, कडी आणखी सरकली. वांगं दाबून आतली कीड ओळखणारी बोटं तिची. शेवटचं चाक फिरलं आणि खट्‌दिशी तीन दातांची कडी बाहेर आली.

तिनं एक पिकलेला रायवळ आंबा चोखला, त्याच्या जागी गवतात एक जांभळं वांगं ठेवलं आणि कुलूप होतं तसं लावून टाकलं.

सकाळी आबा आंबे खालीवर करायला गेला तर हाताला वांगं लागलं. दुसऱ्या सकाळी दोन लागली. मग तर हिरव्या टोप्यांच्या वांग्यांची अख्खी रांगच निघाली, जणू आंब्यांनीच रात्रीत रूप पालटलं होतं. ठमाबाई चुलीपुढं पदराचा बोळा तोंडात कोंबून हसत होती.

पण आबाला हसू येईना. कुलपाचा आकडा त्यानं एकट्या बायकोला, रतनलाच सांगितला होता.

"तूच फोडलास आकडा!" तो ओसरीवर गरजला.

"मोरगावच्या गणपतीची आण, मी कुणाला सांगितला न्हाय."

"मग काय वांगी भिंतीतनं आली?"

रतननं आदळआपट केली नाही. ती आत गेली आणि माहेरी जायला लुगड्यांचं गाठोडं बांधू लागली. ते बघून ठमाबाई चुलीपुढनं उठली. गंमत आपली आणि चटका रतनआक्काला! ती डोक्यावरचा पदर सावरत ओसरीवर आली.

"आबा, आक्काला बोलू नका. कुलूप मी उघडलं."

"आकडा कुणी सांगितला?"

"आकडा कशाला लागतोय? इंग्रजी आकडं मला कुठं वाचता येत्यात?"

तिनं काकडी आणली, तीन चकत्या कापल्या, गर काढून त्यांना मधे भोक पाडलं आणि प्रत्येक भोकाच्या काठाला एक खाच घेतली. मग तुराटीच्या काडीवर एका ओळीत बाभळीचे तीन काटे रोवले.

"ही कडी, हे तिचं दात. चकत्या म्हंजे चाकं. तिन्ही खाचा एका ओळीत आल्या की दात सरळ भायेर. एक जरी फिरली की अडकलंच."

"ते ठाव हाय. पर खाचा कुठं हायत्या ते भायेरनं कसं कळतंय?"

"कडी वढली की तिन्ही दात सारखं टेकत न्हायत. एक आधी टेकतो, त्याचं चाक जड हुतं. ते फिरवायचं. खाच आली की दात तिच्यात उतरतो, कडी जरा सुटती, मग दुसरं जड हुतं."

"करणाऱ्यानं अगदी नेमकं का न्हाय केलं मग?"

"जरा ढिलं असल्याबिगर चाक फिरंल का, आबा?"

आबानं कुलूप मांडीवर घेतलं. उन्हं कलेपर्यंत तो कडी ओढत, चाकं फिरवत, घाम पुसत बसला. खट् झालं तेव्हा तो इतक्या जोरात ओरडला की गोठ्यातल्या शेळ्या उठून उभ्या राहिल्या. मग अढीतला सगळ्यात चांगला आंबा घेऊन तो खाली मान घालून रतनपुढं गेला. तिनं त्याला बराच वेळ तसाच उभा ठेवला आणि मग गाठोडं सोडलं. ठमाबाईला मात्र तिनं महिनाभराच्या शेणी एकटीला थापायला लावल्या.

पुढं आबा निमगाव केतकीला लेकीकडं गेला. तिथं व्याही दत्तोबांनी आपल्या पत्र्याच्या पेटीला लावलेलं तसलंच कुलूप कौतुकानं दाखवलं. आबानं ते बोलता बोलता उघडून दिलं. पेटीत पेढे होते. दत्तोबा एकटेच खात असावेत, कारण व्याहीणबाई आत डोकावून म्हणाल्या, "असं हाय व्हय!"

"शिकला कुठं?" दत्तोबांनी पडल्या चेहऱ्यानं विचारलं.

"आमच्या धाकट्या भावजयीकडं," आबा छाती फुगवून म्हणाला.

चारच दिवसांत व्याहीणबाईंचा निरोप आला: ठमाबाईला जरा राहायला पाठवा.