मोर्शी: निरंक

पडद्यावर मोर्शी तालुक्याची स्लाइड आली आणि जिल्ह्याचे मोठे साहेब म्हणाले, "मोर्शी निरंक? छान. मग उद्या पथक भातकुलीलाच न्यायचं."

निरंक हा सरकारी शब्द आहे. सांगण्यासारखं काही नाही, नुकसान शून्य, असा त्याचा अर्थ. पथक म्हणजे गारपिटीची पाहणी करायला येणारे अधिकारी. ते एकच दिवस येणार होते. ज्या तालुक्यात ते जाणार नाहीत, तिथल्या बागांचा विचार पुढं कधी होईल, हे कोणीच सांगू शकत नव्हतं.

मी कोपऱ्यात लॅपटॉपपाशी बसलो होतो. बटण दाबून पुढची स्लाइड आणायची, एवढंच माझं काम. पण बटण दाबवेना. आदल्या संध्याकाळी अकोल्याहून परतलो तेव्हा आमच्या गल्लीत गारांचा खच पडला होता आणि वादळ मोर्शीकडून आलं, असं रिक्षावाला सांगत होता. मग मोर्शी निरंक कशी?

थोडं मागचं सांगतो. मी अमरावतीच्या त्या कार्यालयात कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर होतो. घर अकोल्याला. इथं एक खोली आणि तिचं कुलूप. दर सोमवारी एकेका तालुक्याला फोन लावायचा, पाऊस, पेरणी, नुकसान यांचे आकडे घ्यायचे आणि स्लाइडवर टाइप करायचे. मान मोडून यायची. पण मोर्शीच्या कार्यालयातल्या वानखडेताई आकडे सांगण्याआधी विचारायच्या, "शेख भाऊ, जेवले का?" त्या शहरात मला हे विचारणारं दुसरं कोणी नव्हतं.

मग मी पायथन शिकलो. ही कॉम्प्युटरची एक भाषा. आपण हातानं जे करतो, ते तिच्यात ओळीओळीनं लिहून ठेवायचं. त्याला स्क्रिप्ट म्हणतात. तालुक्यांनी एक्सेलची फाइल मेलवर पाठवायची, मी त्या सगळ्या एका फोल्डरमध्ये टाकायच्या. स्क्रिप्ट प्रत्येक फाइल उघडते, आकडा उचलते आणि स्लाइडवरच्या ठरलेल्या चौकटीत नेऊन ठेवते. चहा निवायच्या आत अख्खं प्रेझेंटेशन तयार. आमच्या कार्यालयाचे प्रमुख इंगोले साहेब एकदम खूश. फक्त एक गोष्ट त्यांना खटकली. एखाद्या तालुक्याची फाइल आली नाही, तर चौकट रिकामी राहायची.

"शेख, रिकामं नको दिसू देऊ. मोठे साहेब मलेच विचारतात. तिथं निरंक टाकत जा."

"साहेब, माहिती आली नाही आणि नुकसान झालं नाही, यात फरक आहे."

"तू टाक ना बावा!"

टाकलं. स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढली. फोन मात्र बंद झाले. काम लवकर संपायचं आणि उरलेला दिवस खायला उठायचा. फार एकटं वाटायचं. पण सांगणार कोणाला? काम सोपं झालं, अशी कोणी तक्रार करतं का?

तर त्या बैठकीत मी तिथल्या तिथं फोल्डर उघडून पाहिलं. मोर्शीची फाइलच नव्हती.

"सर, ते निरंक खरं नाही," मी म्हणालो. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. त्या बैठकीत ऑपरेटर बोलत नसतो.

"मग लिहिलं कोणी?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"स्क्रिप्टनं."

"कोण आहेत या? बोलवा त्यांना."

एरवी मी हसलो असतो. इंगोले साहेब असे बघत होते, की कंत्राट गेलंच समजलो. "प्रोग्राम आहे सर. फाइल आली नाही की तो निरंक लिहितो. मोर्शीची आलेली नाही."

"फोन लावा."

लावला. कार्यालयाचा फोन मुका. वानखडेताईंचा मोबाइल बंद. सगळ्यांदेखत मी तो नंबर पुन्हा पुन्हा लावत राहिलो. तोंडपाठ नंबर, आणि कित्येक आठवड्यांत लावला नव्हता. शेवटी मोठे साहेबच म्हणाले, "तारा तुटल्या असणार. म्हणजे मार तिकडंच जास्त बसलाय. पथक आधी मोर्शीला."

पथक गेलं. तोडणीला आलेली संत्री झाडांखाली पडली होती. वीज नव्हती, म्हणून फाइल नव्हती. पंचनामे, म्हणजे नुकसानीच्या जागेवरच्या नोंदी, लगेच सुरू झाले. कंत्राट राहिलं. इंगोले साहेब एवढंच म्हणाले, "ते निरंक काढून टाक." तेही दाराकडे बघत.

काढलं. आता फाइल आली नाही की चौकट लाल होते आणि तिच्यात दोन शब्द येतात: फोन करा. ज्याच्यावर सगळ्यात जास्त कोसळलंय, त्याच्याकडूनच काही कळत नाही. हे स्क्रिप्टला आपोआप समजत नाही, लिहून द्यावं लागतं.

मोर्शीत वीज आल्यावर वानखडेताईंचाच फोन आला.

"काहून शेख भाऊ, फोन नाही करून राह्यले? मले वाटलं, नोकरी सोडली तुमी."

"काम आता स्क्रिप्ट करते ना ताई."

"करू द्या तिले. तुमाले काय झालं?" मग त्यांनी नेहमीचं विचारलं. "जेवले का?"

दुपार कलली होती. डबा सकाळपासून टेबलावर तसाच होता.

"निरंक," मी म्हणालो.