आईला बघायला आलेली माणसं

आईने साडी गुडघ्यापर्यंत वर केली आणि डॉक्टरांच्या आधी मीच ओरडले, "अगं बाई! हे काय करून ठेवलंयस?" पोटरीवर निळ्या-हिरव्या शिरा, एखादा वेल चढावा तशा वळत गेलेल्या. घोट्याजवळची कातडी काळी पडलेली. अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका कॅन्टीनमध्ये तिने अर्धं आयुष्य उभं राहून चपात्या लाटल्या. उभ्याने काम करणाऱ्या बाईचे पाय दुखणारच, असं तिचं म्हणणं. तेल चोळलं की विषय संपला. घाटकोपरच्या आमच्या एवढ्याशा घरात आम्ही दोघीच मायलेकी राहतो, आणि तिच्या पायाची ही वाट लागलीय याचा मला पत्ता नाही. माझं डोकंच फिरलं.

पुढचा धक्का डॉक्टरांनी दिला. कापाकापी नाही, टाके नाहीत. सुईएवढ्या भोकातून एक बारीक नळी शिरेत सरकवायची, लेझरने खराब शीर आतून बंद करायची आणि संध्याकाळी घरी.

"आणि भूल?" मी विचारलं.

"फक्त पायापुरती. त्या जाग्याच असतील."

"जागी?" आईने माझं मनगट घट्ट धरलं. "म्हणजे माझा पाय भाजताना मी बघत बसू?"

"दुखणार नाही मावशी. हवं तर आमच्याशी गप्पा मारा."

आई म्हणाली, "शीर बंद केलीत, तर तिच्यातलं रक्त जाणार कुठे?"

इंटरनेटवर एवढं वाचून गेले होते मी, हा प्रश्न काही मला सुचला नव्हता. डॉक्टरही खूश झाले. म्हणाले, या शिरेतून रक्त वर जातच नव्हतं, उलटं खाली साचत होतं. आता ते आतल्या चांगल्या शिरांतून जाईल. परत होईल का, असं मी विचारलं, तर ही शीर सहसा नाही, पण दुसरी एखादी फुगू शकते म्हणाले. मग खुर्ची पुढे ओढून आईच्या डोळ्यांत बघत म्हणाले, "एकच गोष्ट सांगतो. झोपून राहायचं नाही. पोटरी आवळून धरणारे मोजे देतो, ते घालायचे आणि चालायचं, त्याच दिवसापासून. नाहीतर आतल्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं." आईने मान अशी हलवली की मला वाटलं, चला, हिला कळलं.

ऑपरेशन झकास झालं. आई स्वतःच्या पायांनी रिक्षात चढली. बिल्डिंगच्या खाली उतरली तेव्हा कट्ट्यावरच्या बायकांचा विश्वासच बसेना.

आता आमच्याकडे ऑपरेशन झालं म्हटलं की माणसं पेशंटला बघायला येतात. येणार म्हणजे येणारच. पेशंटने छातीपर्यंत चादर ओढून पडायचं, बारीक आवाजात बोलायचं. आलेल्याने शहाळं नाहीतर मोसंबी आणायची, कॉटच्या कडेला टेकायचं आणि सगळं पहिल्यापासून विचारायचं. पेशंटनेच दार उघडून चहा टाकला, तर खाली जाऊन बायका एकमेकींकडे बघतात आणि म्हणतात, कसलं गं ऑपरेशन! रविवारी मी घरी होते. कापलं किती, टाके किती, भूल कुठे दिली, रक्त कुठे जातं, सगळ्यांची उत्तरं मीच दिली, आणि माणसं गेली रे गेली की आईला उठवून पॅसेजमध्ये फेऱ्या मारायला लावल्या. ती कुरकुरत चालली. सोमवारी मी कामावर गेले.

ऑफिसातून रोज फोन. "चाललीस?"

"चालले गं माझे आई. किती वेळा विचारशील?"

"मोजे?"

"घातलेत ना. ठेव आता, लोक बसलेत."

त्या आठवड्यातच एका संध्याकाळी लिफ्टमधून बाहेर आले, तर शेजारच्या काकूंनी मला बाजूला घेतलं. चेहरा पडलेला. "तुझ्या आईचं काही खरं दिसत नाही गं. आम्ही दिवसभर येऊन-जाऊन असतो, पण तिला उठून बसवतसुद्धा नाही. निपचित पडून असते बिचारी."

मी धावत घरात शिरले. आई चादर ओढून पडलेली. ओट्यावर शहाळ्यांची रांग. मोजे उशीखाली. मी चादर बाजूला ओढली. पाय सुजून घट्ट झाला होता, कातडी चकाकत होती, हात लावला तर गरम. पोटरी जराशी दाबली, तशी ती "आई गं!" म्हणून कळवळली.

"कधीपासून?"

"सकाळपासून. म्हटलं, ऑपरेशनचंच दुखत असेल."

रिक्षात मी तिचा पाय मांडीवर धरून बसले होते. फुप्फुस, फुप्फुस, एवढा एकच शब्द डोक्यात. दर सिग्नलला मी तिला विचारत होते, "श्वास लागतोय का? छातीत दुखतंय?" ती नाही म्हणायची आणि मला ते खरं वाटायचं नाही. चालले म्हणून तर रोज सांगत होतीच की!

सोनोग्राफीत गाठ दिसली. आतल्या शिरेत, पोटरीपासून वर गुडघ्यापर्यंत. डॉक्टर म्हणाले, अजून वर सरकलेली नाही, वेळेवर आणलंत, रक्त पातळ करायचं इंजेक्शन लगेच सुरू करू. मग आईला विचारलं, "मावशी, चालत होतात ना?" तिने चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली. "चालूनही कधीकधी गाठ होते," ते म्हणाले, "पण पडून राहिलं की धोका वाढतो."

ते बाहेर गेले आणि मी फुटले. "वेडी आहेस का तू? मेली असतीस! लोक काय म्हणतील म्हणून जीव द्यायचा? त्या बायकांसाठी? कोण लागतात त्या तुझ्या?"

आईने माझा हात शोधला. "ओरडू नकोस ना," ती म्हणाली. "सगळ्यांच्या बाळंतपणाला गेले, ऑपरेशनला गेले, सुट्टी टाकून गेले. मला कधी साधा ताप आला तरी मी कॅन्टीनमध्येच. मला बघायला कोण कशाला येईल? आता पहिल्यांदा आलेत गं. किती मायेने बोलतात. उठले असते, तर यायचे बंद झाले असते."

लेझरने शीर जाळतात हे ऐकून मी हादरले होते, पण हे ऐकून जी हादरले त्याची कशाशी तुलनाच नाही. रागसुद्धा कुणावर काढावा कळेना.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू वॉर्डात आल्या. हातात शहाळं. दारातूनच म्हणाल्या, "उठू नकोस, उठू नकोस, पड तू!" डॉक्टरांनी सकाळीच चालायला सांगून ठेवलं होतं. मी काकूंवर खेकसणार, इतक्यात आईने पाय खाली सोडले, चपला शोधल्या आणि काकूंच्या खांद्याला धरून उभी राहिली.

"बसू नकोस गं," ती म्हणाली. "त्या टोकापर्यंत चल माझ्याबरोबर."

दोघी सावकाश निघाल्या. खिडकीपाशी आई थांबली. धाप लागली की काय म्हणून मी घाबरून मागे धावले. ती काकूंना विचारत होती, "मी अशी चालायला लागले, तरी येशील ना मला बघायला?"