पुरावा अपुरा

इतिहास शिकवणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. पोरं दर वर्षी नवे आणतात, जुने जात नाहीत. आणि एखादा तर आपण विसरायचा म्हटला तरी विसरला जात नाही.

धरणगावच्या आमच्या शाळेत माझा एक नियम होता. वहीत काहीही लिहा, पण खाली तीन उत्तरं द्या. कोणी सांगितलं? त्यांनी स्वतः पाहिलं का? आणखी कोणाला माहीत आहे? तिन्ही भरली नाहीत की मी लाल पेनानं लिहायचे, 'पुरावा अपुरा'. मला या नियमाचा भारी अभिमान होता हो.

*

पहिला दणका दिला एका आबांनी. नातवानं त्यांना मळ्यातल्या विहिरीबद्दल विचारलं होतं. आबा तडक वर्गात!

"बाई, नातू माले इचारस, आबा, तुम्ही सोता देखं का? मी काय खोटं बोलस का?"

मी त्यांना खुर्ची दिली आणि म्हटलं, पोरांनाच सांगा. मधली सुट्टी झाली तरी उठले नाहीत. जाताना म्हणाले, "घरमा कोनी इचारत नही." मग दर शुक्रवारी यायला लागले.

एका शुक्रवारी आले नाहीत. नातूही आला नव्हता. ती खुर्ची पोरांनी वर्षभर हलवू दिली नाही.

*

हेडसर एकदा वैतागून म्हणाले, "मॅडम, तुमची पोरं आता मला विचारतात, नळाला पाणी का नाही आणि ते कोणी सांगितलं! पोर्शन कधी संपवणार?"

*

यावलकडच्या डोंगरपाड्यावरची एक मुलगी आमच्या वसतिगृहात राहायची. तिनं इतिहासाचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळलं आणि शांतपणे विचारलं, "बाई, यात आमचा पाडा कुठेच नाही. आमचा पण पुरावा अपुरा का?"

मी फळा पुसत बसले. फळा कोराच होता.

*

आणि जयश्री. आठवीतली, पहिल्या बाकावरची.

'घरातलं माणूस' या प्रकल्पात तिनं एकच ओळ लिहिली होती. 'माझी आई कापूस वेचताना गाणं म्हणायची.' खालच्या तिन्ही जागा रिकाम्या. वह्यांचा गठ्ठा मोठा होता, माझा हात सवयीनं चालत होता. लिहून टाकलं, 'पुरावा अपुरा'.

जयश्री आठ महिन्यांची असतानाच तिची आई गेली, हे मला नंतर कळलं. घरात फोटोसुद्धा नव्हता. मी वही मागितली, शेरा खोडते म्हटलं. तिनं दिली नाही. "नको बाई, मी पुरावा आणते."

आजी म्हणाली, ती कुठली गाणारी, धड बोलायची पण नाही. वडील बाहेर निघून गेले. गल्लीतल्या बायांना आठवेना. पोरगी रोज शाळेत येऊन सांगायची, "आज पण नाही." त्या एका ओळीखेरीज तिच्याकडे आईचं काहीच नव्हतं आणि तीच ओळ मी खोटी ठरवली होती.

शेवटी कळलं, आईच्या शेजारच्या ओळीत वेचणारी एक अक्का आता धुळ्याला मुलाकडे असते. वडिलांना विचारून मी जयश्रीला घेऊन एसटीनं गेले. अक्का थकलेली, ऐकायला कमी येणारी. जयश्रीनं वही उघडून नीट विचारलं, "अक्का, माझी आई गाणं म्हणायची का? तुम्ही स्वतः ऐकलं का?"

अक्कानं तिला कानाजवळ ओढून पुन्हा विचारायला लावलं.

"गानं नही वं पोरी. तुले पाठवर बांधी आने. तू रडनी का गुनगुने, तू उगी राहिनी का तीबी उगी. बठ्ठं, सारं तुन्हासाठे व्हतं."

परतीच्या गाडीत जयश्री खिडकीकडे तोंड करून लिहीत होती. दुसऱ्या दिवशी वही माझ्या टेबलावर आली. 'गाणं म्हणायची' खोडून 'गुणगुणायची' केलं होतं. खाली तिन्ही उत्तरं होती.

कोणी सांगितलं? अक्कानं.

स्वतः पाहिलं का? हो.

आणखी कोणाला माहीत आहे? मला. पण आठवत नाही.