बांधावरची वाट आणि माझे सात धोंडे

आम्ही पन्नाशीचे पाचसहा जण दर रविवारी डोंबिवलीहून रिक्षा करून टेकडीच्या पायथ्याला जातो आणि तिथून चालायला सुरुवात करतो. चालायला रिक्षाने जायचं, यावर बायको गेली तीन वर्षं हसते आहे.

टेकडीवर जायची वाट एका आगरी आजींच्या भातशेतीच्या बांधावरून जाते. वाट त्यांच्या मालकीची. पहिल्याच वर्षी त्यांनी सांगून ठेवलेलं, "चाला, आमचं काय जातंय? पन बांध फुटला तं वाट बंद."

मग सायकलवाले आले. जाड टायर, हेल्मेट, पाठीवर पाण्याची पिशवी. त्यांच्यात आमची मुलगीही. एकाच घरातून आम्ही निघायचो आणि बांधावर मागून तिचा आवाज यायचा, "बाबा, साइड!" मी चटकन बाजूला व्हायचो. माझे मित्र माझ्याकडे बघायचे.

पावसाळ्यात सायकलींच्या चाकांनी वाटेत चर पडला आणि भांडण सुरू झालं.

"अरे, हा बांध आहे की रेसकोर्स?" आमच्यातले एक निवृत्त मास्तर एकदा ओरडले.

"काका, तुम्ही चौघं आडवे चालता. वरात असते तशी," एक सायकलवाला म्हणाला.

"तुमच्या चाकांनी चर पाडलाय!"

"आणि चर चुकवायला तुम्ही कडेकडेने चालता, म्हणून कड ढासळते." हे आमच्या कन्येचं.

तिचं म्हणणं बरोबर आहे, हे मला तेव्हाच कळलं होतं. पण आमच्या गटात सगळ्यात मोठा आवाज माझा. इतकी आरडाओरड केल्यावर एकदम शहाणं कसं व्हायचं? भांडण घरी जेवणाच्या टेबलावर आलं, तेव्हा बायकोने आमटी वाढता वाढता जाहीर केलं, "या घरात यापुढे बांध हा शब्द नको."

तेव्हा मी बोलणं सोडून कृतीकडे वळलो. एका शनिवारी संध्याकाळी एकटाच गेलो. टेकडीवरून उतरणारी वाट जिथे बांधाला लागते, तिथे सात मोठे धोंडे आडवे रचले. चालणारा ओलांडून जाईल, सायकल अडेल. आमचं मूळ गाव कोकणात, दगडांचा गडगा रचणं आपल्या रक्तातच आहे, असा माझा समज. कोणी धोंडे सहज हलवू नयेत म्हणून मी फटींत माती आणि गवत ठासून भरलं. अंगठा सोलवटला. घरी सांगितलं, नारळ सोलताना लागलं.

रात्रभर पाऊस कोसळला. टेकडीचं पाणी एरवी वाट ओलांडून पलीकडच्या ओढ्याला जातं. माझ्या गडग्याने ते अडवलं आणि आजींच्या शेतात वळवलं. सकाळी आम्ही पोचलो, तर शेत तुडुंब भरून बांध हातभर फुटलेला. दहा दिवसांपूर्वी लावलेली रोपं त्या भगदाडाकडे आडवी झालेली. लुगड्याचा काष्टा खोचून आजी त्या पाण्यात उभ्या. एवढ्यात सायकलवालेही आले.

"कोनी टाकले ह्ये दगर?" आजींनी विचारलं.

"यांनीच," आमचे मास्तर सायकलींकडे बोट दाखवून म्हणाले. "उड्या मारायला."

"आम्ही कशाला? अडवायला तुम्हीच ठेवले असतील!"

मुलीने धोंड्यांकडे पाहिलं. मग माझ्या अंगठ्याकडे. तिला कळलं. सगळ्यांसमोर मला उघडं पाडायची इतकी सोन्यासारखी संधी तिला जन्मात मिळाली नसती. पण ती खाली मान घालून हेल्मेटचा पट्टा सोडत राहिली. तिने सांगून टाकलं असतं तर मी निदान नाकारलं तरी असतं.

"मी ठेवले, आजी," मी म्हणालो.

आजींनी मला खालून वर पाहिलं. "तुमी? आनि गरग्याच्या फटीत माती कोन भरतं? पानी जायाचं कुठून?"

म्हणजे गुन्हा माफ होण्यासारखा होता, काम वाईट होतं!

"आता उतरा खाली."

मी उतरलो. गुडघाभर चिखल. माझ्यामागून मुलगी उतरली, मग तिची मंडळी, आणि शेवटी नाइलाजाने मास्तर, पँट दुमडून. आजींकडे घमेलं एकच. सायकलवाले हेल्मेटमधून चिखल आणायला लागले. हेल्मेटला भोकं असतात हे त्यांना तेव्हा कळलं. भगदाडात माझेच धोंडे बसवले, वर पेंढा आणि चिखल. अकराच्या सुमाराला पाणी थांबलं. आजींनी एकेक रोप उचलून पुन्हा रोवलं आणि मग बोरीच्या काटेरी फांद्या वाटेवर आडव्या टाकल्या.

"वाट बंद."

सायकलवाल्यांनी सायकली मागे वळवल्या.

"बांध नवा हाय. खेकरे बिलं पारतील. दर रयवारी बगायला याचं," आजी मला म्हणाल्या. "तुमी येकट्यानंच."

"मी पण येते," मुलगी म्हणाली.

तेव्हापासून आम्ही दोघं जातो. काटे बाजूला करायचे, बांध चाचपत जायचं, काटे पुन्हा लावायचे. खेकड्याचं बीळ दिसलं की ती कोपरापर्यंत हात घालून चिखल ठासते, आणि मी सूचना करतो. ऑफिसमधलं, मैत्रिणींचं, लग्न इतक्यात नको हे, सगळं ती मला त्या बांधावर सांगते. घरी आम्ही एवढं बोलत नाही. खरं सांगायचं तर वाट उघडायची मला आता फारशी घाई राहिलेली नाही.

गेल्या रविवारी भात पोटरीला आलेलं, लोंब्या फुटायच्या बेतात. आजी बांध पायाने दाबत टोकापर्यंत जाऊन आल्या.

"कापनी झाली का सगल्यांना या म्हनावं."

"सायकली?" मुलीने विचारलं.

"हातात धरून न्याच्या."

तिचा चेहरा पडला. मला हसू आवरेना.

"हसताव काय? तुमच्या मान्सांनी येकामागं येक चालायचं. गप्पा नाय."

तोंड बंद ठेवून चालायचं, हे मास्तरांना अजून कोणी सांगितलेलं नाही. मुलगी म्हणते, तूच सांग.