पाण्यातल्या मुंग्या

शर्मिष्ठाची मैत्रीण जननी पोहताना गेली, तेव्हा डॉक्टरांनी ‘बुडून मृत्यू’ असं लिहिलं. अंगावर एकही खूण नव्हती. शाळेपासून पोहण्यात पदकं मिळवणारी मुलगी छातीएवढ्या पाण्यात कशी बुडेल, हे कुणीच विचारलं नाही. पेटका आला असेल, म्हणाले. कुणी म्हणाले, प्यायली असेल.

शर्मिष्ठा त्याच पाण्यात होती. महाबलीपुरमच्या रस्त्यावरचं फार्महाऊस, ऑफिसची सहल. अंधारून आल्यावर पाण्याखालचे निळे दिवे लागले आणि जननी त्यातल्या एका दिव्याकडे पोहत गेली. तिथे जाऊन ती थांबली. ओरडली नाही, हात हलवले नाहीत. शर्मिष्ठा तिच्याकडे झेपावली, तशा तिच्या स्वतःच्या दंडांना मुंग्या आल्या आणि पाय लाकडासारखे ताठ झाले. तेवढ्यात कुणीतरी दिवे बंद केले, म्हणून ती वाचली. जननी तळाशी गेली होती.

त्यानंतर वेलचेरीच्या फ्लॅटमध्ये भांडी घासताना, केस धुताना शर्मिष्ठाच्या हातांना मुंग्या येऊ लागल्या. तिचा नवरा कौशिक ओरगडमच्या कारखान्यात गाड्यांची वायरिंग तपासायचा. तो करंट मोजायचा मीटर आणून गीझर, नळ, बादली सगळं तपासायचा.

“बघ, शून्य.”

ती मान हलवायची. मुंग्या तशाच असायच्या. हळूहळू त्या संध्याकाळच्या मुंग्याही भासच असाव्यात असं तिला वाटू लागलं आणि तिने सांगणंच सोडलं. मात्र पाण्यातल्या दिव्यांचे नियम ती जपासारखे वाचत राहिली. माणसं उतरतात त्या पाण्यात बारा व्होल्टच्या वरचा दिवा नको. ट्रान्सफॉर्मर पाण्यापासून लांब हवा. करंट गळायला लागला की वीज आपोआप तोडणारा स्विच हवा. आणि कुणी अडकलं तर आधी वीज बंद करायची, पाण्यात उडी घ्यायची नाही.

जननीला जाऊन तीन वर्षं होत आली होती. त्या उन्हाळ्यात लेक रेवाने पोहायला शिकायचा हट्ट धरला. सोसायटीचा स्विमिंग पूल डिसेंबरच्या पुरानंतर नुकताच दुरुस्त झाला होता. एका संध्याकाळी शर्मिष्ठा मन घट्ट करून काठावर बसली. एक हात स्टीलच्या कठड्यावर ठेवला, पाय पाण्यात सोडले. मुलं पलीकडच्या टोकाला खेळत होती. तेवढ्यात दिवे लागले.

पायापासून खांद्यापर्यंत मुंग्या सरसरत गेल्या.

ही खरी की नेहमीची? तिला कळेना. दिव्याच्या निळ्या उजेडात पाणी हलत होतं आणि तिथे कुणीतरी निश्चल उभं आहे असं तिला वाटलं. ती उठली आणि पंपाच्या खोलीकडे धावली. मेन स्विच पाडून ओरडली, “सगळे बाहेर या! कठड्याला हात लावू नका!”

मुलं रडवेली होऊन बाहेर आली. आया चिडल्या. सेक्रेटरी कृष्णस्वामींचा नातूही त्या मुलांत होता. ते हळू आवाजात म्हणाले, “अम्मा, तुमचं दुःख मला माहीत आहे. पण मुलांना असं घाबरवू नका.”

रात्रपाळीला निघालेला कौशिक खाली आला. त्यानेही तेच म्हटलं असतं. पण तिचा चेहरा पाहून तो मीटर घेऊन आला. कुणालाही जवळ येऊ न देता त्याने एक वायर पाण्यात सोडली, दुसरी कठड्याला लावली आणि कृष्णस्वामींना वीज चालू करायला सांगितली.

या वेळी मीटरवर शून्य नव्हतं. तो ओरडला, “बंद करा. आत्ताच्या आत्ता.”

दुसऱ्या दिवशी दिवे उघडले. दुरुस्ती करणाऱ्याने बारा व्होल्टच्या जागी घरात चालतात तसले, सरळ मेन लाइनवरचे दिवे बसवले होते. एकाच्या काचेत पाणी भरलं होतं, आणि तरी तो पेटत होता. गळतीचा स्विच सारखा पडतो म्हणून त्याला वळसा घालून वायर जोडली होती. कृष्णस्वामी नातवाला मांडीवर घेऊन नुसते बसून राहिले. पूल बंद झाला.

कौशिक म्हणाला, “जननीचंही असंच झालं असणार. तिच्या आईला सांगायला हवं.”

जननीची आई धनलक्ष्मी आवडी नावाच्या उपनगरातल्या क्वार्टर्समध्ये एकटी राहायची. शर्मिष्ठा तिच्यासमोर बसली. “अम्मा, ती बुडाली नाही. ती प्यायलेलीही नव्हती. पाण्यात करंट होता.”

धनलक्ष्मीने विचारलं, “तिला कळत होतं?”

खोटं बोलणं सोपं होतं. “हो,” शर्मिष्ठा म्हणाली. “ती माझ्याकडे बघत होती.”

“तीन वर्षं मी रोज तिला रागावते आहे. एवढं पोहता येत होतं, मग बाहेर का नाही आलीस म्हणून.” धनलक्ष्मी उठली. “थांब हं.”

ती बाल्कनीत गेली आणि कठड्याशी उभी राहून हलक्या आवाजात तमिळमध्ये बोलू लागली. रुसलेल्या लेकीची समजूत काढावी तशी. मधेच ती थांबायची, ऐकून घ्यायची आणि पुन्हा बोलायची.

शर्मिष्ठा खुर्चीतून हलली नाही. बाल्कनीकडे वळून बघायचा तिला धीर झाला नाही.