पितळी कॉर्नेटचा पंचनामा

कुठे लग्नाचा बँड वाजू लागला की एक प्रकरण मला आजही आठवते आणि कान गरम होतात. दुसऱ्या महायुद्धाच्या थोडे आधीची गोष्ट. वऱ्हाडात, कारंज्याच्या बाजूला एका मोठ्या गावी मी नवाच ठाणेदार होतो. नव्या ठाणेदाराला गुन्हेगार फार लवकर सापडतात, तसा मलाही सापडला.

गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, शाळेचे हेडमास्तर पाच कॉर्नेट, म्हणजे बँडातल्या कळांच्या छोट्या तुताऱ्या, पोत्यात घालून ठाण्यात आले. शाळेच्या नव्या बँडसाठी जर्मनीची ही स्वस्तातली पितळी वाद्ये मुंबईहून आणली होती. शाळातपासनिसांसमोर मुलांनी ती तोंडाला लावली, तर एकाचाही सूर निघेना. कळा दाबल्या की वर येईनात. सोनेरी रंग जागोजाग उडालेला.

"हे पितळ नाहीच. टिनावर मुलामा आहे," हेडमास्तर म्हणाले.

माल निवडून आणणारा होता गावातल्या लग्नाच्या बँडचा म्हातारा प्रमुख. सारे त्याला उस्ताद म्हणत. मी फसवणुकीची फिर्याद नोंदवली, कॉर्नेट मुद्देमालात घेतले आणि उस्तादला आणायला दोन शिपाई धाडले. त्यांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरून भर बाजारातून आणले.

तासाभरात आमचा खबऱ्या हजर. मुंबईचा दुकानदार म्हणे उस्तादचा साडू निघाला. मी तेही डायरीत लिहिले, उस्तादला जुजबी विचारून घरी सोडले आणि पूर्ण जबाबासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावले.

"माल पारखला कसा?" मी विचारले.

"बारा पाह्यले, साहेब. नळीच्या एका तोंडावर अंगठा दाबाचा, दुसऱ्या तोंडातून हवा ओढाची. जीभ चिकटून राह्यली त सांधे पक्के. मंग कळा दाबून पाहाच्या, सोताहून वर याले पायजे. सात वापस केले, पाच घेतले. सस्ता माल हाय, पन खोटा नाही."

"मग रंग कसा उडाला? कळा का अडकल्या?"

"ते मले नाही मालूम. मी देल्ले तवा चांगले होते."

खोटे बोलणाऱ्याकडे प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तयार असते, हे मला पुढे अनुभवाने कळले. तेव्हा अनुभव नव्हता, म्हणून मी टेबलावर छडी आपटली.

उस्ताद घाबरला नाही. म्हणाला, "माराचं त मारा. पन सकाळपासून दोन वरबापायचे निरोप आले, आमी दुसरा बँड पाहतो म्हून. बेइमान मानसाचा बाजा कोन लावते लग्नात? माह्या बँडावर अकरा घरं जेवतात, साहेब."

मी जरा वरमलो. पंच म्हणून गावातल्या कासाराला बोलावले. त्याने एका कॉर्नेटच्या कडेवर कानस फिरवली, उजेडात धरून पाहिले. "आतबाहेर पितळच हाय. पातळ हाय, पन पितळ. वरतून चमकीचं रोगन होतं, ते कोनीतरी घासून काढलं."

उस्तादने कळेखालचे झाकण फिरवून उघडले. पंचनाम्याच्या कोऱ्या कागदावर राख पडली. नळी उलटी करून ठोकली, तर आतून एक चिंचोका बाहेर आला. आम्ही तिघे त्याच्याकडे पाहत राहिलो. जर्मनीत चिंच होत नाही, एवढा भूगोल मला येत होता.

शाळेच्या चपराशाला बोलावले. तो छाती काढूनच आला. "हो, मीच घासले. पितळ हाय ना? मंग चिंच अन् राख नाही त कायनं घासाव? हेडमास्तर बोलले, असे चमकव का साहेबाले तोंड दिसलं पायजे. घरचे हंडे घासतो तसे तीन दिवस घासले. चिंच त्यायच्याच घरून देल्ली."

हेडमास्तरांनी खाली पाहूनच फिर्याद मागे घेतली. मी त्यांना फार बोललो नाही. त्यांच्या जागी मीही चिंचच दिली असती.

मग खबऱ्याला धरले. साडूची बातमी कुठून आणलीस?

"बजारातून, साहेब. तुमचे शिपाई उस्तादले घेऊन चालले होते ना, तवा लोक बोलून राह्यले होते."

म्हणजे माझ्याच शिपायांमुळे उठलेली आवई माझ्याच डायरीत पुरावा होऊन बसली होती. त्या दिवशी मला मनापासून लाज वाटली.

"उस्ताद, तुम्ही निर्दोष आहात. तसे मी लिहिले आहे," मी म्हणालो.

"तुमची डायरी बजारात कोन वाचते? येत्या गुरवारी माह्यासंग चाला."

गुरुवारी मी गणवेशात त्याच्यासोबत निघालो. चार पावले गेलो नाही तोच भाजीवाली शेजारणीला म्हणाली, "घे वो, आज त ठाणेदार सोताच नेऊन राह्यला त्याले." उस्ताद थांबला. धुऊन नीट केलेला कॉर्नेट त्याने माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "फुका."

मी फुंकला. रेडा रेकल्यासारखा आवाज निघाला. सारा बाजार पोट धरून हसत सुटला. उस्तादने कॉर्नेट माझ्याकडून घेतला आणि एक गोड चाल वाजवली. पेठेच्या टोकापर्यंत असेच चालले. चार दुकानांनंतर थांबायचे, आधी मी फुंकायचे, मग त्याने वाजवायचे. आरोपीला बाजा वाजवून दाखवणारा ठाणेदार कुणी पाहिला नव्हता, त्यामुळे तो आरोपी नाही हे कुणाला सांगावे लागले नाही. दोन्ही वरबाप संध्याकाळच्या आत त्याच्या दारात आले.

माणसावर डाग लावायला दोन शिपाई पुरतात. तो पुसायला ठाणेदाराला भर बाजारात स्वतःचे हसे करून घ्यावे लागते. पुढे निवृत्त होईपर्यंत, कुणालाही ठाण्यात आणायचे झाले की मी शिपायांना आधी विचारत असे, "कोणत्या रस्त्याने आणणार?"